स्वच्छ प्लेट

“मग दाह हा रोगच नव्हे, असं म्हणायचंय का सर तुम्हाला?”

संयोगिता खरमाटे पहिल्या बाकावर उभी राहून विचारत होती. तिनं प्रश्न विचारला की बाकीचा वर्ग आपापल्या वहीत डोकं घालायचा. तिचे प्रश्न उत्तरासाठी नसत. आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे हे सांगण्यासाठी असत.

शिकलगार सर खुर्चीत बसले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडावर मास्क. पूर्वी ते दोन तास उभं राहून शिकवायचे. रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून बसून शिकवत. मिरजेला जाऊन औषधांचे डोस घ्यायचे, आणि जरा बरं वाटलं की विट्याला परत येऊन आमच्या एक्स-रेच्या वर्गावर हजर व्हायचे. घरी पडून राहा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं.

“दाहाची लक्षणं सांग,” सर म्हणाले.

“लाली. उष्णता. सूज. वेदना. आणि त्या भागाचं काम थांबणं.” तिनं एका दमात सांगून टाकलं.

“कुणाची लक्षणं ही?”

“रोगाची.”

“रोगाची?”

“मग आणखी कुणाची असणार सर? पुस्तकात तर...”

“बस.”

ती बसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सरांनी उत्तर सांगितलंच नाही. प्रश्न अर्धा सोडून द्यायची त्यांची खोड होती आणि आम्हाला तिचा भारी वैताग यायचा. परीक्षेत काय लिहायचं मग?

जाता जाता त्यांनी त्यांचं नेहमीचं वाक्य तेवढं म्हटलं.

“पेशंट प्लेट बघत नाही. त्याला त्यातलं काय कळतंय? तो तुमचा चेहरा बघतो. निकाल सांगायचं काम डॉक्टरांचं. तुम्ही चेहरा धुऊन बाहेर यायचं.”

सरांच्या उमेदीच्या काळात प्लेटा अंधाऱ्या खोलीत पाण्यानं धुवाव्या लागत. प्लेट धुतली की चेहराही धुवा, असं ते तेव्हापासून सांगत आले होते. आता फोटो कॉम्प्युटरवर उमटतो, तरी आम्ही त्याला प्लेटच म्हणतो. आणि टवाळी करायला तर ते वाक्य फार बरं होतं. कॅन्टीनमधून कुणी उठला की मागून कुणीतरी ओरडायचंच, “ए, चेहरा धुतलास का?”

संयोगिता त्यात कधी हसत नसे. तिला तो नियमच पटत नव्हता.

“आपल्याला दिसतंय, कळतंय, तर सांगायचं का नाही?” ती मला म्हणायची. “माणसाला तासभर टांगून ठेवण्यात कसलं आलंय शहाणपण?”

प्लेट मात्र तिला खरंच कळायची. हे मान्य करायला मला आजही जड जातं, पण कळायची.

त्यानंतरच्या आठवड्यात सरांना ताप भरला.

शेवटचा डोस जबर बसला होता. त्या औषधानं रक्तातल्या वाईट पेशी मरतात आणि त्यांच्याबरोबर चांगल्याही. सरांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. आमच्याच रुग्णालयातल्या स्वतंत्र खोलीत त्यांना ठेवलं. मिरजेचे डॉक्टर फोनवरून औषधं सांगत होते. या अवस्थेत हलवण्यात अर्थ नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं.

छातीचा फोटो काढायला सांगितला, तेव्हा सर म्हणाले, “मशीन खोलीत आणू नका. मीच माझ्या मशीनकडे जातो.”

चाकाच्या खुर्चीतून त्यांना घेऊन आलो. मागे चाची होत्या, सरांच्या बायको. हातात पाण्याची बाटली, पिशवी, आणि मोबाइल गच्च धरलेला.

एक्स-रेच्या खोलीत त्या दुपारी संयोगिताची ड्यूटी होती आणि मदतीला मी. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला नखापाशी काहीतरी बोचून पिकलं होतं. बोट लालबुंद, टम्म फुगलेलं. फोटोची चपटी, जड कॅसेट उचलताना ती कळवळायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

“मी लावतो कॅसेट,” मी म्हणालो.

“नको. सरांचा फोटो मीच काढणार.”

सर खुर्चीतून उठले. कुणी हात लावलेला त्यांना चालला नाही. स्टँडला छाती टेकवून उभे राहिले, हनुवटी वर केली, हात कमरेवर, खांदे पुढे. इतकी वर्षं हजारो माणसांना उभं केलं तसे स्वतः उभे राहिले. पाठीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

“श्वास घ्या सर... रोखा...”

बटण दाबल्याचा आवाज झाला.

“सोडा.”

फोटो पडद्यावर आला. मी तिच्या खांद्यावरून बघितला. दोन्ही फुफ्फुसं काळी, मोकळी. पांढरा डाग कुठंच नाही. हृदयाची कड रेखीव. न्यूमोनिया असता तर पांढरी सावली दिसली असती. अशी प्लेट पुस्तकात छापायला द्यावी.

संयोगिता धावतच बाहेर गेली.

दारात चाची उभ्या होत्या. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. “चाची, प्लेट एकदम स्वच्छ आहे! छातीत काही नाही!”

“खरंच गं?”

“मी बघितली ना माझ्या डोळ्यांनी.”

चाचींनी पदर डोळ्यांना लावला. “अल्लानं ऐकलं गं बाई,” म्हणाल्या, आणि मोबाइल घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेल्या.

ती हसत आत आली. सर खुर्चीत बसून धाप टाकत होते.

“सर, स्वच्छ आहे!”

“स्वच्छ?”

“दोन्ही बाजू. कुठं ठिपकासुद्धा नाही.”

सरांनी धाप ओसरू दिली.

“ताप किती आहे मला?” त्यांनी विचारलं.

“एकशे तीन होता सकाळी.”

“खोकला?”

“आहे...”

“धाप?”

“लागते. पण सर, प्लेटवर काहीच नाही ना.”

“बोट दाखव तुझं.”

ती गोंधळली. मग बोट पुढं केलं. सरांनी ते लांबूनच निरखून बघितलं.

“ठणकतंय?”

“रात्रभर झोप नाही सर.”

“गरम लागतं?”

“विस्तवासारखं.”

सरांनी आपल्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी सोडवली. घराच्या दाराचा पत्रा लागून तो कापला होता, त्याला आठवडा उलटला होता. त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि तिलाही मानेनं खूण केली. तिनं आपला हात शेजारी ठेवला.

तिचं बोट लाल, सुजलेलं, पिवळ्या पुवानं भरलेलं. सरांचा अंगठा पांढुरका. कापलेलं तसंच उघडं होतं. कडेला लाली नाही, सूज नाही, पू नाही. आजच कापल्यासारखं दिसत होतं.

“दुखत नाही सर?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात...” सर म्हणाले. “किती स्वच्छ आहे बघ.”

ती एकदा अंगठ्याकडं बघायची, एकदा बोटाकडं. मग तिनं काचेपलीकडच्या पडद्याकडं मान वळवली. तिथं ती काळी, मोकळी फुफ्फुसं अजून दिसत होती.

मला कळायला वेळ लागला. तिला लागला नाही, आणि त्या वेळी तरी तिच्या हुशारीचा मला हेवा वाटला नाही.

“ती पांढरी सावली...” ती सावकाश बोलू लागली. “न्यूमोनियात दिसते ती... ती जंतूंची नसते.”

“मग?”

“जंतू दिसत नाहीत प्लेटवर. त्यांच्यावर शरीर धावून जातं. पांढऱ्या पेशी, पाणी, सगळं तिथं गोळा होतं. त्याची सावली पडते.”

“आणि धावून जायला कुणी उरलंच नसेल तर?”

तिची नजर पुन्हा सरांच्या अंगठ्यावर गेली.

“कुणाची लक्षणं ती?” सरांनी वर्गातला प्रश्न पुन्हा काढला.

“शरीराची,” ती म्हणाली.

सरांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. एका हातानं ती जमेना. मी पुढं झालो, तर मानेनंच नको म्हणाले.

“चाचीला सांगितलंस ना तू... स्वच्छ म्हणून?”

“हो.”

“ती पुण्याला पोराला फोन करत असेल. तौफिकला.”

संयोगिता पळाली. मीही मागं गेलो. चाची मोबाइल पिशवीत ठेवत होत्या. तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जरा तजेला होता.

“त्याला म्हटलं, नको येऊस बाबा. स्वारगेटला एसटीत बसला होता. उतरला. नवीन नोकरी हाय, साहेब रजेवरनं कुरकुर करतोय त्याचा. प्लेट स्वच्छ हाय म्हटल्यावर त्याचाही जीव खाली पडला.”

संयोगितानं सांगायला तोंड उघडलं. मग एक्स-रेच्या खोलीकडं परत वळली.

सरांना सांगितलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते.

“मी चाचींना खरं सांगते सर.”

“काय सांगशील? प्लेट खराब आहे म्हणून?”

“नाही... प्लेट स्वच्छ आहे, पण...”

“पण काय?”

तिला ते वाक्य पुरं करता येईना. मलाही आलं नसतं.

“तुझं एकदा सांगून झालंय पोरी,” सर म्हणाले. रागानं नव्हे. “आता तिला एक-दोन रात्री झोपू दे.”

संध्याकाळी तिनं व्हरांड्यातून तौफिकला स्वतः फोन लावला. मी शेजारीच होतो.

“तौफिकदादा, तुम्ही या.”

“का? अम्मी तर म्हणाली, प्लेट स्वच्छ आहे.”

“हो. आहे.”

“मग?”

“तरी या.”

“अब्बांना जास्त झालंय का? खरं सांगा.”

“तसं नाही... प्लेट स्वच्छ आहे... पण तुम्ही याच.”

तो बिचारा काय समजणार? शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा नक्की येतो म्हणाला. वर तिचे आभारही मानले. इतकं लक्ष ठेवताय तुम्ही, म्हणाला. फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकली आणि तिनं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं. मी हात मध्ये घातला.

एकच आशा होती. पेशी वाढायची इंजेक्शनं चालू होती. त्या वाढल्या असत्या, तर जंतूंना मारणाऱ्या औषधांना जोड मिळाली असती.

संयोगिता रोज सरांच्या खोलीत जायची. मास्क लावून दारापाशी उभी राहायची, दुखऱ्या बोटाचा हात पाठीमागं लपवून.

“सर, पेशी वाढल्या तर प्लेटवर दिसेल?”

“दिसेल.”

“काय दिसेल?”

“सावली येईल.”

“म्हणजे मी आता... सावली येऊ दे म्हणायचं?”

सरांनी कूस बदलली. बोलायला दम पुरत नव्हता.

जी मुलगी प्लेट स्वच्छ आली म्हणून नाचत सुटली होती, ती आता डाग मागत होती. गणपतीला जाऊन मागितलं असेल तर तेही मला सांगितलं नसेल. तिचा तसा स्वभाव नव्हता. पण सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला की लॅबच्या खिडकीशी पहिली तीच असायची, आणि परत येताना माझ्याकडं बघायची नाही. त्यावरून मला समजायचं.

तिचं बोट गुरुवारी फुटलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी चिरून पू काढला. मी सोबत गेलो होतो. ट्रेमध्ये पू पडला तो ती बघतच राहिली.

“बघ की,” मला म्हणाली. “किती आलाय.”

“बरं झालं, निघाला एकदाचा.”

“यात काय असतं माहीत आहे ना? मेलेल्या पांढऱ्या पेशी. एवढ्याशा बोटासाठी एवढ्या मेल्या... माझ्या फालतू बोटासाठी.”

आणि तिथंच, त्या डॉक्टरांसमोर, ती हमसून हमसून रडली. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. ते म्हणाले, “झालं, झालं, आता ठणका राहणार नाही.”

शुक्रवारी दुसरा फोटो सांगितला.

सरांना आता उभं राहता येत नव्हतं. ऑक्सिजनची नळी लावलेली. खुर्चीतच बसवून काढायचं ठरलं. मी पाठीमागून कॅसेट सरकवली. टोपी घसरली होती ती नीट केली. अंग इतकं तापलेलं होतं की अॅप्रनमधून मला चटका जाणवला.

चाची दारातच थांबल्या. “आज पण चांगलंच निघंल बघ,” मला म्हणाल्या. “उद्या तौफिक येतोय. त्याला बघून हे उठून बसतील.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

“श्वास घ्या सर...”

घेतला तेवढा घेतला.

“रोखा...”

रोखता आला नाही. तिनं दोन श्वासांच्या मधली वेळ धरली आणि बटण दाबलं.

फोटो आला.

काळा. मोकळा.

संयोगिता पडद्याला नाक लागेल इतकी पुढं वाकली. उजेड वाढवला, कमी केला. फोटो मोठा केला. फुफ्फुसांची टोकं बघितली, हृदयामागं बघितलं, खाली पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. रोग शोधताना मी लोकांना बघितलंय, पण रोग दिसावा म्हणून असं कासावीस झालेलं माणूस मी नंतर कधी बघितलं नाही.

“इथं,” ती एकदम म्हणाली. “इथं बघ. पांढुरकं आहे काहीतरी. आहे ना?”

मी बघितलं.

“दोन बरगड्या एकमेकींवर आल्यात,” मी म्हणालो.

“नीट बघ.”

“बरगड्याच आहेत, संयोगिता.”

ती मागं झाली. फोटो तिनं डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पाठवून दिला. पाठवताना हात अडखळला नाही.

आमच्या खोलीमागं जुनी डार्करूम आहे. आता तिथं खोकी ठेवतात. सर उमेदवारी करत असताना ज्या बेसिनमध्ये प्लेटा धुवायचे, ते अजून तिथंच आहे. ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मध्येच एकदा हुंदका आला आणि मग पुन्हा नुसतं पाणी.

ती बाहेर आली. चेहरा अॅप्रनला पुसलेला, केस मागं घट्ट बांधलेले. मी तिच्याकडं बघितलं आणि मला भीती वाटली. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

दार उघडून ती बाहेर गेली. मी मागोमाग.

“काय गं बाळ?” चाचींनी लगेच विचारलं. “स्वच्छ हाय न्हवं?”

“डॉक्टर सांगतील, चाची.”

“तू बघितलीस की.”

“डॉक्टर येतायत. ते सांगतील.”

शिकवलं होतं अगदी तसं. शब्द तेच, आवाज तोच. चाचींना काही कळलं नाही. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडू लागल्या.

सरांनी डोळे उघडले. इतर कुठंच न बघता त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, पेशंट बघतात तसं.

ती हलली नाही. पापणीही हलली नाही.

सर बघत राहिले... मग नळीखालून, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले,

“फार स्वच्छ धुतलास गं चेहरा.”